वामनाचा चेहरा कोण काढणार?

हौशी : सर, जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ मला चित्रांत मांडायची आहे. मुखपृष्ठ आणि आत चार चित्रं, असं नव्हे. अख्खी कादंबरी, चौकटीमागून चौकट, दोन-अडीचशे पानं. मुलांसाठी म्हणून शिक्का मारून ती लिहिलेली नाही हे मला ठाऊक आहे. पण ती हातात पडते आठवी-नववीत, आणि त्या वयात वाचलेली विज्ञानकथा डोक्यातून जात नाही. बोईसरात बसून मी हे का म्हणतोय? तर इथल्या पोरांना ही ‘उद्याची’ गोष्टच नाही. शेजारच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज द्यायला लागल्या. आजोबा बांधकामावर घमेली उचलायला होता, बाप ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, आणि पोरगं केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन परिघात वाढतं. मॉक ड्रिल म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. दुसरीकडच्या मुलाला जे कल्पनेनं उभं करावं लागतं, ते याला शाळेत जाता-येता दिसतं. आणि वाचायला आपण काय देतो? एका वर्गातल्या पोरांची घरची बोली बघा : वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती, एमआयडीसीमुळे हिंदी आणि भोजपुरी. नारळीकरांचं मराठी सोपं आहे, तरी सलग छापील पानं दिसली की यातली निम्मी पुस्तक मिटतात. चित्र त्यांना आत घेईल.

शंकेखोर : आत घेईल, की ओट्यावरच बसवून ठेवेल? मला कॉमिकचा तिटकारा नाही. इंद्रजालचा वेताळ मीही वाचलाय, चांदोबाही. माझी हरकत हिशेबाची आहे. कादंबरी चाळीस हजार शब्दांची धर. चित्रांच्या पानावर शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे गेलास की फुगे चित्राला गिळतात. अडीचशे पानांत तू पंचवीस-तीस हजारांवर थांबलास, आणि चित्राला श्वास द्यायचा म्हणून प्रत्यक्षात पंधरावर येशील. उरलेले शब्द गेले कुठे? वर्णनं चित्रांत गेली, असं तू म्हणणार. पण नारळीकरांत वर्णन आहेच किती? त्यांची माणसं खोलीत बसून बोलतात. एक जण शंका काढतो, दुसरा ती खोडतो, तिसरा म्हणतो मग असं करून पाहू. त्या बोलण्यातच त्यांचं विज्ञान आहे. तू कात्री लावशील ती नेमकी तिथे, कारण खोलीत बसलेली तीन माणसं पानामागून पान काढणं कंटाळवाणं. मधल्या पायऱ्या गेल्या की मुलाला वाटतं, विज्ञान म्हणजे हुशार माणसाला अचानक काहीतरी सुचणं. हा गैरसमज आपल्याकडे आधीच भरपूर आहे.

हौशी : कात्री लावायचीच असं कुठे आहे? मॅडेलिन लेंगलची ‘अ रिंकल इन टाइम’ ही १९६२ची कादंबरी, कुमारांसाठीच. होप लार्सननं २०१२ साली तिचं ग्राफिक नॉव्हेल केलं, ते जवळपास चारशे पानांचं झालं. काळा, पांढरा आणि एक निळा, एवढ्याच रंगांत. तिनं गोष्ट आखडून घेतली नाही, मूळ संवाद जवळजवळ सगळे राखले. पुस्तकाला आइसनर पारितोषिकही मिळालं. त्याहून महत्त्वाचं सांगतो. त्या मूळ कादंबरीत अवकाशाला घडी घालून लांबचं अंतर चटकन ओलांडायची कल्पना आहे. ती समजावताना एका मुंगीचं उदाहरण येतं : कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुंगीनं चालत जायचं, आणि कापडाची टोकं जवळ आणली की चालायचं राहतच नाही. तिथे छापील कादंबरीतसुद्धा रेघांची चित्रं घातली आहेत. सगळं पुस्तक शब्दांचं, आणि विज्ञान आलं तिथे हात चित्राकडे गेला! तुम्ही इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्याच ना? मग विज्ञानकथेला चित्र परकं कसं?

शंकेखोर : आकृती वेगळी आणि गोष्टीतलं चित्र वेगळं. आकृती एक मुद्दा दाखवून पुसली जाते. तू कारखान्यात पाइपलाइनची ड्रॉइंग काढतोस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझ्या आयसोमेट्रिकमध्ये पाइपमागचं आकाश नसतं. गोष्टीच्या चित्रात आकाश काढावं लागतं, खुर्ची काढावी लागते, माणसाच्या अंगात सदरा घालावा लागतो. लेखकानं ज्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते तुला ठरवावं लागतं. आणि विज्ञानकथा कित्येकदा न बोललेल्या गोष्टीवरच उभी असते. लोइस लोरीची ‘द गिव्हर’ घे, १९९३ची. त्या समाजातल्या लोकांना रंग दिसत नाहीत. पण हे वाचकाला कित्येक पानं कळतच नाही. मुलाच्या हातातलं सफरचंद उडताना क्षणभर बदलतं; काय बदललं ते त्यालाही सांगता येत नाही, आपल्यालाही. नंतर उलगडतं आणि मग आपण मागची पानं उलटून बघतो, की खरंच, लेखिकेनं एकदाही कुठलाच रंग सांगितला नव्हता! या धक्क्यासाठी ते पुस्तक वाचायचं. शब्दांत हे जमतं, कारण शब्द गप्प बसू शकतात. पी. क्रेग रसेल हा कसलेला चित्रकार, त्यानं २०१९ साली त्याचं ग्राफिक नॉव्हेल केलं. आता त्यानं पहिल्या पानावर काय करावं? रंग भरले तर गोष्ट खोटी. न भरले तर गुपित पहिल्याच पानावर चव्हाट्यावर.

हौशी : नाही, इथे मी अडवणार तुम्हाला. गुपित फुटत नाही. का, तर काळं-पांढरं चित्र बघितलं की ‘या जगात रंग नाहीत’ असं कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, छपाई एकरंगी आहे. आपल्या दिवाळी अंकांतली रेखाटनं आठवा. त्यातल्या बाईचं लुगडं काळ्या शाईत असतं म्हणून ती काळं लुगडं नेसली आहे असं कोणाला वाटतं का? रसेलनं पानं फिकट निळसर-करड्या छटांत ठेवली, वाचक ती त्याची शैली समजून पुढे गेला, आणि मग रंग शिरायला लागले तेव्हा त्याला कळलं, की ही शैली नव्हती, ही त्या लोकांची नजर होती. तोच धक्का, दुसऱ्या वाटेनं. उलट मी म्हणेन, आपल्यासारख्या स्वस्त एकरंगी छपाईवर वाढलेल्या वाचकाला तो जास्त बसेल. शब्द गप्प बसतात तसं चित्रही गप्प बसतं, फक्त त्याची गप्प बसायची जागा वेगळी.

शंकेखोर : हे पटलं. मुकाट्यानं मान्य करतो.

हौशी : मग ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आठवा. नारळीकरांचीच. माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, नेहमीचा हात सोडून दुसऱ्याच हातानं गोलंदाजी करतो. ती गोष्ट तर चित्रकारासाठीच लिहिल्यासारखी आहे. मी पहिल्या पानापासून त्याचा भांग, घड्याळ, खिसा सगळं एका बाजूला ठेवीन, आणि मग एका चौकटीत ते गुपचूप फिरवीन. खाली मजकूर काही नाही. ज्या पोराला दिसेल तो शेजारच्याला कोपरानं ढोसेल. वाचनात असा शोध लागायची संधी आपण मुलांना कधी देतो?

(इथे लेखक म्हणून मला मध्ये बोलावंसं वाटतं. दोघांपैकी कोणाची बाजू भक्कम, हे इथवर तरी उघड आहे. ‘चित्रं आली की विचार गेला’ हा आक्षेप जुना आणि आळशी. तो शंकेखोराच्या तोंडी शोभत नव्हता. त्याची खरी हरकत पुढे आहे.)

शंकेखोर : मग आता मूळ प्रश्नाकडे ये. तू ‘वामन’ काढणार. खोल खणताना एक पेटी सापडते, कुठल्याशा होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीनं मागे ठेवलेली. तिच्यातल्या माहितीवरून एक बुद्धिमान यंत्रमानव उभा करतात, तो वामन. मी ती वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जो वामन आला तो माझा होता. तुझ्या डोळ्यांपुढचा तुझा. डहाणूच्या पोरीचा तिचा. तू काढलास की आपण तिघं एका वामनाचे. आणि तुझा हात कुठे जाणार हे मला आत्ताच दिसतं. चौकोनी छाती, डोळ्यांच्या जागी लाल दिवे, हॉलिवुडचा उतारा. हाताला जे सवयीचं तेच तो काढतो. एक परीक्षा घेऊ? अणुऊर्जा केंद्र काढ म्हटलं तर आपल्याकडचा कुठलाही चित्रकार काय काढेल?

हौशी : कमरेत बारीक असलेले उंच मनोरे, वरून वाफ.

शंकेखोर : आणि तारापूरला तसला एकही मनोरा नाही! समुद्र शेजारी आहे, थंड करायला समुद्राचंच पाणी आत येतं आणि परत जातं. मनोऱ्यांची गरजच नाही. इथली पोरं केंद्राच्या सावलीत वाढतात आणि चित्रकलेच्या तासाला परदेशातले मनोरे काढतात. शब्दांत हे होत नाही. लेखक ‘केंद्र’ म्हणतो आणि तारापूरजवळच्या घिवलीचं पोर आपलं केंद्र बघतं, कैग्याचं पोर आपलं. तू त्याच्या डोळ्यांपुढचं खरं केंद्र काढून घेणार आणि त्या जागी छापील खोटं ठेवणार. ज्याला तू ‘आत घेणं’ म्हणालास, ते त्याच्याच घरातून त्याला बाहेर काढणं नाही का?

हौशी : मग उपाय सरळ आहे, इथलं काढायचं. चिंचणीचा किनारा, टॅप्सची म्हणजे तारापूर केंद्राची कॉलनी, बोईसर स्टेशनचा पूल, संध्याकाळची डहाणू लोकल. २०१३ मध्ये ती लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून या पट्ट्याचं रूपच बदललं; ते कुठल्या कादंबरीत आलंय? खोल खणण्याचा भाग मी तलासरीच्या बाजूला नेईन. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या लोकांनी भूकंपाच्या धक्क्यांपायी घराबाहेर झोपून रात्री काढल्या. जमिनीखाली काहीतरी आहे आणि ते आपल्याला कळत नाही, ही भीती त्यांना समजावून सांगायची गरज नाही. आणि वामनाचा चेहरा म्हणाल, तर तो मी काढणारच नाही. वारली चित्रात माणसाला चेहरा कुठे असतो? डोक्याला एक गोल, धडाला टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. राग, लोभ, भीती, सगळं हातापायांच्या वळणात. तुमचा वामन तुमचाच राहील. आणि काळाचं म्हणाल तर तारपा नाच बघा. मध्ये तारपावाला, भोवती माणसांचं वेटोळं, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते सांगता येत नाही. होऊन गेलेल्या संस्कृतीची गोष्ट आणि आपली गोष्ट एकाच वेटोळ्यावर काढता येईल. चौकटीच नकोत. पालघरची पोरं, पालघरची चित्रं, मराठीतल्या सगळ्यात मोठ्या वैज्ञानिकाची गोष्ट!

शंकेखोर : थांब. हे तुझं सगळ्यात आकर्षक वाक्य, म्हणून सगळ्यात धोक्याचं. वारली चित्र म्हणजे कुठलीही गोष्ट ओतायचा साचा नव्हे. ती लग्नाच्या चौकाची चित्रं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवासिनी काढायच्या, मध्ये पालघट देवी. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी ती रोजची केली, कागदावर आणली, जगभर नेली, २०११ला पद्मश्री मिळाली. ते त्यांच्या मनानं झालं. त्यानंतर काय झालं ते तूही बघतोस : साड्यांवर वारली, चहाच्या कपांवर वारली, सरकारी कार्यालयाच्या कुंपणभिंतीवर वारली. आता विज्ञानकथेवरही. तू वारली आहेस का? नाहीस. वामन, बळी, पाताळ ही गोष्ट त्यांची आहे का? तेही विचारावं लागेल. शिवाय आधी म्हणालास पोरांना त्यांचं खरं केंद्र दिसावं. वारलीच्या त्रिकोणांत टॅप्सची कॉलनी ओळखू येईल का? तुझे दोन उपाय एकमेकांना छेद देतात. एकात सगळं हुबेहूब हवं, दुसऱ्यात काहीच हुबेहूब नको.

हौशी : छेद देतात हे खरं. पण ‘भीमायन’मध्ये हेच झालं ना? बाबासाहेबांचं चरित्र, २०११ साली नवयाननं काढलं, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचं साफ नाकारलं. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा केला, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. जगभरच्या कॉमिकवाल्यांना जे सुचलं नव्हतं ते त्यांना सुचलं. बाबासाहेबही गोंड नव्हते. गोष्ट एकाची, हात दुसऱ्याचा, आणि दोघांचं मिळून तिसरंच काही झालं.

शंकेखोर : झालं, कारण व्यामांना ‘नाही’ म्हणायचा हक्क होता आणि त्यांनी तो बजावला. चौकटी नाकारल्या त्या त्यांनी; आनंदांनी सांगितलं म्हणून नव्हे. तुझ्या बेतात मला तो माणूस दिसत नाही. तू गंजाडला जाऊन एखाद्या कलाकाराला म्हणशील, हे संवाद, ही पानं, याप्रमाणे काढ. तो काढेल, कारण पैसे हवेत. त्याला रूपांतर म्हणत नाहीत, ठेका म्हणतात, आणि ठेक्यानं काम करवून घेण्याचा या तालुक्यांना भरपूर अनुभव आहे. आणखी एक. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. तू इथलं केंद्र काढणार, इथला किनारा काढणार, तर ती गावं चित्रात कुठे असतील? नारळीकरांच्या कादंबरीत त्यांना जागा नाही, असायचं कारणही नाही. शब्दांत ती नसली तर चुकल्यासारखं वाटत नाही. पण घिवलीचा किनारा काढलास आणि गाव काढलं नाहीस, तर तू गाव पुसलंस. काढलंस, तर ही गोष्ट नारळीकरांची राहिली नाही. ओरिजित सेननं १९९४ साली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ काढलं, नर्मदेच्या धरणावर. भारतातल्या पहिल्या ग्राफिक नॉव्हेलांत ते मोजतात. त्यानं कोणाची कादंबरी उसनी घेतली नाही. त्याच्याकडे सांगायला होतं, ते त्यानं सांगितलं. तुझं ऐकताना मला सारखं वाटतंय, तुला ‘वामन’ काढायचाच नाहीये. तुला बोईसर काढायचंय आणि त्याला नारळीकरांचं नाव हवंय.

हौशी : लागलं मला ते. पण पूर्ण खरं नाही. बोईसरचीच गोष्ट काढायची असती तर मी स्वतःचा कथानायक केला असता, आणि तो रडला असता, ओरडला असता, मोर्चात गेला असता. नारळीकरांकडे मी जातो ते त्यांच्या थंडपणासाठी. माणसानं आपल्यापेक्षा हुशार वस्तू बनवली तर पुढे काय, हा प्रश्न ते आवाज न चढवता विचारतात. ज्या गावांना कोणी तरी हुशार येऊन सांगतं की घाबरू नका, सगळं नियंत्रणात आहे, तिथल्या मुलाला हा प्रश्न थंड डोक्यानं विचारायला शिकवणं मला मोर्च्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते मला स्वतःहून लिहिता येणार नाही. म्हणून रूपांतर. आणि पार्श्वभूमीत गाव येतं म्हणून गोष्ट बदलते, हे मी मान्य करतो. मी म्हणतो, बदलू दे. शब्द तेच ठेवीन. एकाही पात्राच्या तोंडी पोफरणचं नाव घालणार नाही. फक्त मागे घरं दिसतील, आणि पुढच्या पानांवर ती दिसणार नाहीत. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

शंकेखोर : म्हणजे भांग फिरवायचा तोच खेळ, पण गावावर. हं. हे वाईट नाही. पण मग नारळीकरांनी न म्हटलेलं तू त्यांच्या पानावर म्हणतोयस, आणि तेही मुकाट्यानं, म्हणजे त्यांच्या बाजूनं कोणाला हरकतही घेता येऊ नये असं. शब्दांत काही घातलंस तर निदान पकडता येतं.

हौशी : प्रत्येक रूपांतरात एवढी चोरी असतेच. अमर चित्रकथा बघा. १९६७पासून प्रताप मुळीक, राम वाईरकर, दिलीप कदम अशा मराठी हातांनीसुद्धा तिची पानंच्या पानं काढली. पुराणातल्या माणसांचे दंड आणि दागिने कोणत्या पोथीत तसे लिहिले होते? आज आपल्याला तेच खरे वाटतात.

शंकेखोर : मी हाच तर धोका सांगत होतो. तू तो दाखला म्हणून पुढे करतोयस!

हौशी : बरं, त्यात हरलो. पण एक तरी साधी अडचण सांगा, जिचं उत्तर आहे.

शंकेखोर : अक्षरं. इंग्रजी कॉमिक सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, ओळी विटांसारख्या एकावर एक बसतात. देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. तेवढ्याच फुग्यात ओळी कमी मावतात. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलेली कॉमिक आपण पाहिली आहेत. शिरोरेघ फुग्याला टेकलेली असते. म्हणून आधी मराठी अक्षरं हातानं लिही, मग त्यांच्याभोवती फुगा काढ. आणि एकरंगी ठेव. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास. अडीचशे पानं चार रंगांत छापलीस तर किंमत अशी होईल की ज्या पोरासाठी काढलंस ते पोर ग्रंथालयाच्या काचेतूनच बघेल.

हौशी : हे दोन्ही मी करतो. पण मग तुमचा निकाल काय? काढू की नको?

शंकेखोर : आपला १९५७चा कॉपीराइट कायदा वाचलायस? त्यात रूपांतराची व्याख्या आहे. साहित्यकृतीचा संक्षेप, किंवा गोष्ट मुख्यतः चित्रांतून सांगितलेली आवृत्ती, हे दोन्ही एकाच पोटकलमात बसवले आहेत. मी सुरुवातीला जे म्हणत होतो तेच कायदा म्हणतो, असं मला वाटायचं : चित्रकथा म्हणजे कापून लहान केलेली गोष्ट.

हौशी : पण मध्ये ‘किंवा’ आहे ना? म्हणजे कायद्याच्या लेखीही त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

शंकेखोर : आहे, ‘किंवा’ आहे. तुझी वस्तू वेगळी आहे एवढं आता मीही म्हणतो. ती नारळीकरांची आहे, तुझी आहे, की गंजाडच्या ज्याच्या हातानं ती निघेल त्याची, हे मला अजून कळलेलं नाही, आणि तुलाही कळलेलं नाही. तोवर चौकटी आखू नकोस. आधी त्या कलाकाराला कादंबरी वाचून दाखव, आणि ‘हे मी काढणार नाही’ असं तो कशाकशाला म्हणतो ते लिहून घे. दुसरं, परवानगी. नारळीकर २० मे २०२५ला गेले. कायद्यानं हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे ‘वामन’ ३१ डिसेंबर २०८५पर्यंत हक्कदारांचा. त्यांना पत्र लिही, आणि मागची घरं नाहीशी होणार आहेत हे त्या पत्रात स्पष्ट लिही.